न खोदलेल्या मातीचा खांब

मी संशयी बाई आहे. लग्न होऊन आरमोरी तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात ते ओळखलं. तिनं दिलेला चहा मी आधी हुंगायचे. दूध नासलं नाही ना, एवढंच बघायचे. पण तिला वाटलं, ही विष शोधते. माझं माहेर भद्रावतीकडचं, कोळशाच्या खाणीजवळचं. वडील खाणीत ठेकेदाराचे कामगार. दर दोनेक वर्षांनी ठेकेदार बदलायचा आणि वडील पुन्हा नव्यानं कामगार व्हायचे. गेटपास नवा, मागची सगळी वर्षं गायब. घरात कुठलाही कागद आला की आई तो उजेडात धरून बघायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमच्या घरात पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

भात निघालं की तेंदूपत्ता सुरू होईपर्यंत आमच्या गावात दुसरं काम नसतं. रोजगार हमीचं काम निघालं तर निघालं. नाही निघालं, तर मुकादमाची पिकअप गाडी येते आणि माणसं भरून तेलंगणात मिरची तोडायला नेते. मी सासरी आले त्या हिवाळ्यात बोडीचं काम निघालं होतं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. त्यातला गाळ आणि मुरूम काढून काठावर टाकायचा. हे काम जोडीनं चालतं. एक खोदते, दुसरी टोपलं वाहते, थकलं की अदलाबदल. मला जोडीला मिळाली शेजारची एक बाई, माझ्या सासूच्या वयाची. पहिल्या दिवशी माझे तळहात फुटले. तिनं कुदळ माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "हातानं नाई पोरी, कुदळ कमरेनं चालते."

खांब ठेवायलाही तिनंच शिकवलं. जोडीला आखून दिलेल्या खड्ड्यात मधोमध एक मातीचा खांब न खोदता तसाच सोडायचा. त्याचा माथा म्हणजे खोदण्याआधीची जमीन. आठवडा संपला की मोजमापाचा साहेब टेप घेऊन येतो, खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजतो, आणि जेवढी खोली तेवढं काम. आजूबाजूला सगळेच खोदत असतात, त्यामुळे मूळ जमीन कुठे होती हे सांगणारं दुसरं काहीच उरत नाही. आमच्याकडे या खांबाला साक्षीदार म्हणतात. त्याला कोणी पाय लावत नाही, त्याच्यावर कोणी टोपलं टेकवत नाही.

लबाडीही या खांबाचीच असते. खांबाच्या डोक्यावर वरून माती थापायची, त्यावर गवताचा तुकडा बसवायचा, पाणी शिंपडायचं. दोन दिवसांत गवत धरतं आणि खांब वीतभर उंच होतो. न खोदता वीतभर खोली मिळते. साहेबांना हे माहीत असतं, गावाला माहीत असतं, आणि साहेबांना माहीत आहे हेही गावाला माहीत असतं.

पाच हिवाळे आम्ही दोघींनी एकत्र खोदलं. मग मला मेट केलं. मेट म्हणजे मजुरांवरची देखरेख करणारी. बारावी झालेली गावात मी एकटीच सून होते. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? कुदळ सुटली, हातात मोबाइल आला. जोडीदारणीला सांगायला गेले तर ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "चांगलं झालं," म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "मंग मी कोनासंग?" मी म्हटलं, मिळेल कोणीतरी. मला तेव्हा घाई होती.

मोबाइलमध्ये सरकारचं अ‍ॅप. सकाळी मजुरांचा फोटो काढायचा, दुपारी पुन्हा काढायचा, तरच हजेरी. यात एक मोठीच अडचण आहे आणि ती वर बसलेल्यांना कळत नाही. आमची माणसं उजाडायच्या आत येतात, ऊन चढायच्या आत दिवसाचा वाटा खोदून उरकतात आणि घरी जातात, कारण काम खड्ड्यावर मोजलं जातं, घड्याळावर नाही. आता तो वाटा नऊ वाजता पुरा करून तीस माणसं दुपारच्या फोटोसाठी पळसाखाली बसून राहतात. कार्यालयाला गावावर भरवसा नाही, म्हणून फोटो. गावाला कार्यालयावर भरवसा नाही, म्हणून प्रत्येकजण फोटो काढल्यावर विचारतो, "मी आलो ना त्याच्यात?" आणि माझा कोणावरच नाही. अशा कामाला माझ्यापेक्षा लायक माणूस कुठून मिळणार?

मग चेहऱ्याच्या पडताळणीचा हुकूम आला. जॉबकार्डावरच्या प्रत्येकाचा चेहरा मोबाइलसमोर धरायचा, मोबाइल म्हणतो डोळे मिचकवा, माणसानं मिचकवायचे, की नाव पक्कं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मी दिवसभर चेहरे धरत बसले. माझ्या जोडीदारणीचा नवरा आला. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलेलं, पापणीही अर्धी जाम. मोबाइल म्हणाला मिचकवा. तो एक डोळा मिचकवून हसला. "बाई, दुसरा हुकूम आयकत नाई." तीनदा धरलं, तीनदा नापास. मागे रांग होती. मी म्हटलं, बाबा, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ आली नाही, आणि नव्या हजेरीपटावर त्याचं नावही आलं नाही. मी ते विसरले. संशयी माणूस दुसऱ्याचं सगळं लक्षात ठेवतो आणि आपलं सोयीनं विसरतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत बोडीचं दुसरं काम निघालं. जोडीदारीण एकटीच आली. सगळ्या जोड्या आधीच जुळल्या होत्या. मी तिला काठाचा खड्डा आखून दिला आणि म्हटलं, जमेल तेवढं करा. मुकादमाची गाडी गावात फिरत होती, हे मला ठाऊक होतं. बाई मिरचीला जायला तयार नव्हती. बुढ्या नवऱ्याला एकटं टाकून जायचं नव्हतं, आणि एका डोळ्याच्या माणसाला मुकादम गाडीत घेत नव्हता. बोडीवर आठवडा नीट भरला तरच ती घरी राहू शकणार होती. हे तिनं मला सांगितलं होतं, पळसाखाली, तोंडात पदर धरून.

तिसऱ्या दिवशी मला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटायला लागलं. साठीची बाई, एकटी, आणि तिचा खड्डा दोघी धडधाकट पोरींच्या खड्ड्याएवढा. मी सातला पोचायचे तेव्हा ती खड्ड्याच्या कडेला बसलेली असायची, आणि तळाची माती ओली, नुकती उलटलेली. बरं, फोटोत ती चेहऱ्यावर घामाचा थेंब नसलेली उभी. चौथ्या दिवशी मी खांब नीट पाहिला. सगळ्या बोडीत गवत वाळून पिवळं झालेलं, हिच्या खांबाच्या डोक्यावर मात्र हिरवे कोंब. माथा दमट. पाचव्या दिवशी मी तिला डबक्यातलं पाणी ओंजळीनं खांबावर शिंपडताना पाहिलं.

आता मला वेगळा पुरावा कशाला हवा होता? खांब वाढवला होता. तो पकडला गेला असता तर सगळ्या कामाचं माप अडकलं असतं आणि माझं मेटपण गेलं असतं. तिला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. पाच वर्षं एका टोपल्याला दोन बाजूंनी हात लावला होता, एवढा तिचा हक्क होता. पण मनात म्हटलं, विचारलं तर ही सावध होईल.

शनिवारी साहेब आला. तरुण, भल्या स्वभावाचा, पायात पांढरे बूट. मी त्याला हळूच म्हटलं, "साहेब, काठावरच्या खांबाकडे जरा बघा."

त्यानं बोटानं माथा दाबला, हिरवे कोंब पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि एका माणसाच्या हातून फावडं घेतलं. पहिला घाव माथ्यावर. वर थापलेली माती ढेकळासारखी निघून यायला हवी होती. निघाली नाही. त्यानं दुसरा घाव जोरानं घातला, तिसरा तिरका. अर्धा खांब धाडकन खड्ड्यात पडला.

आतून तो अस्सल होता. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, आणि गवताच्या जुन्या मुळ्या वरपासून खालपर्यंत सरळ गेलेल्या. एवढ्या मुळ्या पाच दिवसांत कोणी लावू शकत नाही. बोडीत एकदम सगळ्यांचं खोदणं थांबलं.

ती खड्ड्याच्या कडेला उभी होती. "झालं पाहून?" एवढंच म्हणाली.

"पाणी काऊन टाकत होत्या मग?" माझा आवाज चढला होता. चुकलेल्या माणसाचा चढतोच.

"उनानं भेगा पडून राह्यल्या होत्या त्याले. ढासळला असता तं माप कायचं घेतलं असतं?"

साहेब टेप हातात धरून उभा होता. "आता कुठून मोजू?" तो मलाच विचारत होता. मी म्हटलं, साहेब, खांब खरा होता, तुम्ही बघितलं, मी बघितलं, पूर्ण उंचीचं लिहा. तो म्हणाला, "ताई, खांबाला टेप लावलेला फोटो टाकावा लागतो. उरलाय तेवढ्याचाच टाकता येईल." माझ्या मोबाइलमध्ये त्या आठवड्याचे सगळे फोटो होते. प्रत्येकात तीस चेहरे, आणि एकातही खांब नाही. त्यानं उरलेल्या बुंध्याला टेप लावली. आठवडाभराचं काम अर्ध्यावर आलं.

साहेब गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. अजून एक काटा माझ्या मनात होताच. लाज वाटत होती तरी विचारलं, "बाई, खांब खरा, खड्डा खरा. मग एवढं खोदत कोण होतं?"

"बुढा," ती म्हणाली. "पहाटे यायचा. हातानं चाचपून चाचपून खोदायचा. तू यायच्या आधी त्याले घरी धाडत होती मी."

"मला सांगायचं ना."

"तुले सांगतलं असतं तं तू लिवलं असतं. नाव नाई त्याचं, कामावर काऊन आला म्हनून."

मी इकडे-तिकडे पाहिलं. कोणी टोपलं उचललं, कोणी पदर सारखा केला, माझ्याकडे कोणी बघेना. तिसांनाही ठाऊक होतं. नवरा पहाटे येतो, बायकोच्या नावावर खोदतो, फोटोच्या आधी जातो. सगळ्या गावानं मिळून हे एका माणसापासून लपवलं होतं, आणि तो माणूस मी होते. माझ्याच हातातल्या मोबाइलनं त्याला नापास केलं होतं, आणि जोडी तर मीच मोडली होती. मला त्या खड्ड्यात उतरून बसावंसं वाटलं.

सोमवारी ती पिकअपमध्ये बसली. गाडीत वीस-बावीस माणसं उभी होती. तिनं बुढ्याला चुलीजवळची लाकडं हातानं मोजून दाखवली, तिखट कुठे, मीठ कुठे, ते सांगितलं, आणि गाडीत चढली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी कोपऱ्यावर उभी होते, तिला दिसत होते.

त्या दिवसांत मी बुढ्याला रोज भाजी नेऊन द्यायचे. पहिल्या दिवशी त्यानं वाटी घेतली आणि तोंडाला लावण्याआधी नाकाशी नेली. चांगली दोनदा हुंगली. मग म्हणाला, "ठेव तिकडं." मला रडू आलं आणि थोडं हसूही आलं. माझी सासू तिथे असती तर तिनं टाळीच दिली असती.

त्याच्या चेहऱ्यासाठी मी पुन्हा मोबाइल धरला. पुन्हा नापास. मग अर्ज लिहिला, डॉक्टरचा दाखला जोडला, तालुक्याला नेऊन दिला आणि शिक्का मारलेली पोच मागून घेतली. पोच उजेडात धरून पाहिली. तिथला बाबू म्हणाला, वर पाठवतो. वर म्हणजे नक्की कुठे, हे मी दर आठवड्याला जाऊन विचारते, आणि दर आठवड्याला तो छताकडे बोट दाखवतो.

होळी झाल्यावर मिरचीवाली माणसं परतली. तिच्या बोटांची सालं निघालेली होती. भाकरी मोडताना ती बोटं ताठ ठेवायची. बोडीचं राहिलेलं काम पुन्हा सुरू झालं, आणि ती आली. मी तिला आधीच्याच जागेशेजारी खड्डा आखून दिला. दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम उशिरा गेले, आठ वाजता. बुढा नुकताच गेला असावा. काठाच्या मातीवर टायरच्या चपलेचे ठसे होते. मी त्यांच्यावरून चालत गेले आणि माझ्या पायांनी ते पुसले.

खड्डा अर्धा झाला होता. त्यात एक सोडून दोन खांब उभे होते, हातभर अंतरावर, दोन्ही सरळ, दोन्हींचे माथे ओले. दुसरा खांब ठेवायचा म्हणजे तेवढी माती कमी निघणार, तेवढं माप कमी भरणार. हे तिला न कळण्यासारखं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "खांब एकच लागतो. दोन काऊन ठेवले?"

तिनं कुदळ थांबवली नाही.

"एक साहेबाले मोजाले," ती म्हणाली. "अन् एक तुले फोडाले."