खोलीतला कोळी

त्या सालात कापसाला भाव नव्हता. व्यापारी येतो म्हणायचा आणि येत नसे. घराघरांत कापूस आढ्यापर्यंत भरला होता. आमच्याकडे भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, ठरवलं की उरलेला कापूस माझ्या खोलीत भरायचा. नवरा ट्रकवर, हैदराबादच्या रस्त्याला. गाडी पांढरकवड्याला थांबली की कधी घरी येई, पण भावापुढं त्याची मान वर होत नसे.

भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. डोईवर पदर घेऊन आडोशाला उभं राहायचं. तसंही माझं तोंड कुणापुढं उघडत नव्हतं. जावेला एकदाच विचारलं, मी झोपू कुठं?

"चुलीपाशी झोप. नाहीतं कापसावर झोप. तुह्या मायनं तरी एवढी मऊ गादी देल्ली होती काय?"

सासू हसली. जावेची खोली माझ्या खोलीच्या दुप्पट होती, पण तिथं तिचं लोखंडी कपाट होतं.

मागच्या अंगणात चुलीसाठी पऱ्हाटीचा ढीग होता. वाळलेली कापसाची झाडं ओढताना खालून एक कोळी निघाला. तळहाताएवढा, काळा, अंगभर केस. जावेनं किंकाळी फोडली. भासरे काठी घेऊन धावत आले. कोळ्यानं पुढचे पाय वर उचलले, तसे ते मागं सरत न्हाणीच्या भिंतीला टेकले. उधळलेला बैल एकट्यानं धरणारा माणूस! मी ते पाहिलं आणि कोळ्यावर टोपलं पालथं घातलं.

नवऱ्यानं हौसेनं आणलेली माशांची काचेची पेटी खाटेखाली पडून होती. मासे केव्हाच मेले होते. ती धुतली, शेतातली काळी माती वीतभर भरली आणि कोळी आत सोडला. तो मातीवर टेकेचना. काचेला पाय लावून कोपऱ्यात चिकटून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय अंगाखाली आखडायला लागले. मग मी मूठभर माती नाकाशी नेली. फवारणीच्या औषधाचा वास. बोंडअळी त्यानं मेली नव्हती, हा मात्र मरणार होता.

गावाबाहेर पळसाखाली कुणी कधी फवारणीचा पंप घेऊन गेलं नव्हतं. तिथली माती आणली, पाण्याचा हबका मारला. फुटक्या मडक्याची खापरी आडवी रोवली, बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं. वर खिडकीची जाळी टाकून कडेनं विटा ठेवल्या. त्याला खायला नाकतोडेही पळसाखालचेच. कोळ्यानं खापरीखाली बीळ केलं आणि तोंडाशी पांढरं जाळं अंथरलं. मला तो आवडत नव्हता. खाताना पाहिला की मी तोंड फिरवायची. पण पेटी मी उंबऱ्याच्या अगदी आत ठेवली.

भासरे कापसाचं गाठोडं घेऊन आले ते दारातच थांबले.

"हे काय ठेवलं तिनं?" त्यांनी जावेला विचारलं. मी समोरच होते.

"काय व, हे काय ठेवलं तू?" जावेनं मला विचारलं.

मी पदर पुढं ओढला.

"तिले सांग, बाहीर नेऊन टाक म्हणा."

"बाहीर नेऊन टाक!"

मी जाळीवरची एक वीट उचलून खाली ठेवली.

"तुमी मारा ना त्याले," जाऊ आपल्या नवऱ्याला म्हणाली. "एवढे मोठे माणूस तुमी."

"तू मार. चप्पल हाय ना पायात."

मी दुसरी वीट उचलली. कोळी खापरीखालून अर्धा बाहेर आला. सगळ्यांत आधी सासू ओसरीवर पळाली.

"चेटकीण हाय हे धाकली!" तिथून ती ओरडली. "तोंडातून शब्द काढत नाही, अन् घरात काय पोसून राह्यली पाह्य!"

गाठोडं जावेच्या खोलीत गेलं. त्यामागून बाकीचा कापूसही.

कापसातून बारीक किडे निघतात, अंगाला खाज सुटते. उन्हाळाभर जाऊ मान खाजवत ओसरीवर झोपली आणि मला शिव्या देत राहिली. मी आतून कडी लावून ऐकायची. बरं वाटायचं.

नवरा आला, तोही दारातच थबकला.

"काहून पाळून राह्यली तू हे? दादा चिडले ना."

"कापूस विकू द्या, मग पाहू."

कापूस विकला गेला. जावेनं खोली झाडली, कपाट पुसलं आणि माझ्या दाराशी आली.

"आता तं सोडशीन ना त्याले?"

उंबऱ्याच्या आत तिनं पाय टाकला नव्हता. मी पदर खोचला आणि तिच्या बाजूनं पळसाकडं नाकतोडे धरायला निघाले.