घटपर्णीतल्या काड्या

शिलाँगच्या तारघरात मी कितीतरी घरांतल्या मरणाच्या बातम्या उतरवून घेतल्या. माझ्या मायची बातमी मात्र शेजारच्या टेबलावर आली. सहकाऱ्याने ती उतरवली आणि उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. खिडकीबाहेर धुकं होतं. मी नागपूरला पोचलो तोवर माती होऊन गेली होती. इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शेजारच्या शेवंतामावशी दिवा लावून बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आला का गा? तुह्या झाडाले पाणी घातलं मी."

माझं झाड... ते मीच आणलं होतं. बाप गेल्यावर माय एकटी राहिली आणि मी बढती घेऊन शिलाँगला गेलो. पहिल्या रजेत येताना दुधाच्या पावडरीच्या डब्यात घटपर्णीचं एक रोप घेऊन आलो. तिकडच्या डोंगरांत ती उगवते. पानाच्या टोकाला तंतू फुटतो आणि त्या तंतूला सुरईसारखा हिरवट-तांबूस घट लोंबतो. वर छोटं झाकण, आत थोडंसं पाणी. काठावरच्या गोडव्याला भुलून मुंगी आत उतरते आणि गुळगुळीत भिंतीवरून घसरून बुडते. त्यावर झाड जगतं. माय डब्याकडे बघत राहिली, तसं मी म्हणालो, "याले फूल आलं का मी बदली मागतो आणि परत येतो." नागपूरच्या उन्हात ते एक उन्हाळाही काढणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. तेवढ्या शब्दांवर मला निरोप घेणं सोपं गेलं.

तिने झाड माठाच्या तिवईजवळ ठेवलं, झिरपणाऱ्या पाण्यापाशी. सभोवती ओलं पोतं. नळाचं पाणी त्याला चालत नाही असं मी सांगितलं होतं, म्हणून पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवायची आणि त्या पिंपाला कुणाला हात लावू द्यायची नाही. मे महिन्यात भिंती तापायच्या तेव्हा दुपारभर तिथेच बसून पोत्यावर पाणी शिंपडायची. शेवंतामावशी दारातून चिडवायच्या, "काय वं सखू, पोराच्या बदली राक्षस पाळला का?"

"राक्षस नाही वं, पाव्हणा हाय. त्याले आपलं ऊन सोसत नाही."

पण पाहुण्याचं जेवण तिला मान्य नव्हतं. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. माय मात्र जाणती बाई होती आणि पंचशीलातलं पहिलं शील, कुठलाही जीव न घेण्याचं, तिने अक्षरशः धरलं होतं. रोज सकाळी वंदना झाली की ती घटात वाकून बघायची. पुढच्या रजेत आलो तर तिने प्रत्येक घटात खराट्याची एकेक काडी उभी करून ठेवलेली. मी वैतागलो. "माय, हे काय करून राहिली? मुंग्या बाहेर आल्या तर ते उपाशी राहील. मग फुलणार कसं?"

माझ्या परतण्यासाठी फूल तर तिलाच हवं होतं, ते मी तिला काय सांगायचं... ती म्हणाली, "फुलासाठी कोणाले कोंडून ठेवू का? शिडी लावली आहे. जिले यायचं ते येईन वर."

उन्हाळे गेले. झाड भिंतीच्या दोरीवर चढलं. माझ्या रजा आखूड होत गेल्या. तिकडे पाइनच्या झाडांतून ढग घरात शिरायचे, आणि त्या पांढऱ्या शांततेत नागपूर खरंच कुठे आहे का, असं वाटायचं. गेल्या भाद्रपदात किराणा दुकानातून तिचा ट्रंक कॉल आला. ती ओरडूनच बोलत होती.

"फूल आलं गा! फूल म्हणजे काय, मक्याच्या तुऱ्यासारखं. तांबूस. वास काही बरा नाही त्याचा. पण ऐक, फुलावर माशा बसतात ना, त्याईले ते काहीच करत नाही. बसतात आणि उडून जातात!"

मी "वा" म्हणालो. पुढे तारेत नुसती खरखर. ती वाट बघत होती आणि मला ते कळत होतं. मी म्हणालो, "यंदा जमत नाही माय. माणसं कमी आहेत इथं."

"बरं," ती म्हणाली. "थंडी असंन तिकडे. सांभाळून राह्य." बदलीचा शब्द तिने काढला नाही, आणि मीही नाही.

मातीनंतर मी पोचलो त्या दिवशी, शेवंतामावशी आपल्या घरी गेल्यावर मी माठापाशी गेलो. तुरा केव्हाच वाळला होता. तो गळून पडू नये म्हणून तिने पांढऱ्या दोऱ्याने बांबूच्या कामटीला बांधून ठेवला होता, मला दाखवायला. प्रत्येक घटात काडी होती. वाळून तपकिरी झालेल्या घटांतसुद्धा.

आता बदली मागितली आहे आणि ती मिळेलही. मागणं इतकं सोपं होतं, हेच सोसत नाही. सध्या रजेवर इथेच आहे. पोतं ओलं ठेवतो. पिंपातलं पाणी पावसाळ्यापर्यंत पुरवायचं आहे.

काल सकाळी एका नव्या घटाचं झाकण उघडलं. मी मोरीतला तिचा खराटा आणला आणि एक काडी मोडली. ती आखूड निघाली, पाण्यात बुडाली. दुसरी काठापर्यंत पोचली. मग पाट ओढून तिच्या जागेवर बसलो. बऱ्याच वेळाने एक मुंगी काडीवर दिसली, ओली, थांबत थांबत वर येणारी... ती काठावर येऊन भिंतीकडे निघून जाईपर्यंत मी जागचा उठलो नाही.