जावयाला तीन गुण

आपली टीम जिंकल्याचा आनंद जगातल्या कुठल्याही माणसाला दहा-पंधरा मिनिटांत आटोपता येतो. आमच्या वरच्या काकांना तो दिवस मावळेपर्यंत पुरायचा, आणि तो एकट्याने भोगणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. वरचे काका म्हणजे टोकियोजवळच्या उरायासुत आमच्या इमारतीत बरोबर आमच्या डोक्यावर राहणारे गृहस्थ. मुंबईच्या एका व्यापारी कंपनीने त्यांना जपानला धाडलं होतं, आणि त्याआधी काही वर्षं मेलबर्नला ठेवलं होतं. तिथून माणसं लोकरीचे कोट आणतात, मुलांचे बदललेले उच्चार आणतात; काकांनी तिथला फुटबॉल आणला. आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, बिनबाह्यांचे बनियन घातलेले धिप्पाड गडी. चेंडू हातातही घ्यायचा, पायानेही मारायचा आणि वेळप्रसंगी दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेतच पकडायचा. गोलाला खांब चार. मधल्या दोहोंमधून चेंडू गेला तर सहा पॉइंट, आणि थोडक्यात हुकून बाजूने गेला तरी एक. "चुकलं तरी एक देतात!" काका डोळे मिटून म्हणायचे. "आपल्याला कोणी दिला का हो कधी?"

हा खेळ ते शनिवारी दुपारी लॅपटॉपवर बघत, आणि टीम जिंकली की टाचेने जमिनीवर तीनदा आपटत. ते आम्हाला चहाचं आमंत्रण. ज्या देशात लोक रात्री नळ सोडतानासुद्धा शेजाऱ्याचा विचार करतात, तिथे हे चालायचं कसं, असं कोणालाही वाटेल. पण काकांनी त्याचा बंदोबस्त जपानी पद्धतीनेच केला होता. इथे घरात ठोकाठोकीचं काम काढायचं असलं, की आधी खाऊचा खोका घेऊन शेजारीपाजारी माफी मागून येतात. काका दरवर्षी मोसमाच्या आधी तांदळाच्या सेंबेचे, म्हणजे खारट कुरकुरीत चकत्यांचे, खोके घेऊन आजूबाजूच्या दारांत कमरेत वाकायचे. "यंदा आमची टीम जिंकण्याची शक्यता आहे. आवाज होईल. आगाऊ क्षमा असावी." एका वर्षी टीम ओळीने हरत गेली, तेव्हा त्यांच्या शेजारच्या जपानी आजींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. आम्ही 'काका' म्हणतो म्हणून ते आडनाव समजून त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका-सान बरे आहेत ना? खोका तर आला होता. आवाज काही येत नाही."

चहा हे नुसतं निमित्त. खरा कार्यक्रम गुण देण्याचा. एकूण एक खेळाडूला, राखीव बसलेल्यांनासुद्धा, दहापैकी गुण मिळायचे, आणि सातच्या वर काकांचा हात कधी गेला नाही. "आठ दिले तर पुढच्या शनिवारी तो काय करेल?" हा त्यांचा सवाल. हरल्यावर मात्र गुण द्यायचे नाहीत. त्या दिवशी पोरं आधीच खाली मान घालून घरी गेलेली असतात, असं ते म्हणायचे. खेळाडूंची नावं त्यांच्याकडे घरगुती होती. बरोबर माणसाच्या हातात चेंडू पोचवणारा तो 'पोस्टमन'. उंच, मंद हालचालीचा तो 'लांबडा'. आणि गोलासमोर पाट मांडल्यासारखा उभा राहून कोणी चेंडू वाढतंय का याची वाट बघणारा तो 'जावई'. ही नावं काकूंनी ठेवलेली, आणि काकूंचे गुण वेगळे असायचे. "जावयाला माझे पाच," काका जाहीर करायचे, मग थोडं थांबून, मान जरा तिरकी करून, "हिचे तीन. ही म्हणते, तीन दिले तेच पुष्कळ." माझा नवरा तेवढ्यात तिसरी बाकरवडी उचलायचा आणि मी मनातल्या मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचे. चिडायचेही. शनिवार माझाही असतो.

गंमत म्हणजे या काकूंना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही आलो भूकंपानंतरच्या वर्षी. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये उरायासुत जमीनच पातळ झाली. रस्त्यांतून राखाडी चिखल वर आला, विजेचे खांब कलले, नळ कोरडे पडले. काका ऑफिसात अडकले होते, मुलगी शाळेत, आणि नवव्या मजल्यावरच्या डोलत्या घरात काकू एकट्या होत्या. त्यानंतर त्या मुलीला घेऊन पुण्याला गेल्या, पंधरा दिवसांसाठी. मग मुलीला तिथल्याच शाळेत घातलं, मग तिची दहावी आली, मग बारावी, आणि ते पंधरा दिवस काही संपेनात. काकांनी तीन खोल्यांचं घर सोडलं नाही. दारातल्या पायरीपाशी काकूंच्या घरात घालायच्या सपाता आत तोंड करून मांडलेल्या असायच्या, आणि मी एकदा चुकून त्यांत पाय घातला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "त्या नको, या घे." मला तर काकू ठाऊक होत्या त्या केवळ गुणांवरून; ते काका फोनवर विचारून घेत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. एक अत्यंत कडक, तिखट जिभेची, चेंडूवर बारीक नजर असलेली बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी होती.

मुलगी बारावी झाली त्या वर्षी कंपनीने काकांना विचारलं, आणखी तीन वर्षं राहता का परत जाता? "ही येऊन बघेल, मग ठरवू," काका म्हणाले, आणि पडदे धुवायला काढले. मे महिन्यात काकू आल्या, दहा दिवसांच्या परतीच्या तिकिटावर. लहानखुऱ्या, हसऱ्या, मऊ आवाजाच्या. पर्स कायम दाराजवळच्या खुंटीला, आणि झोप सोफ्यावर, बाहेरच्या कपड्यांनिशी. त्यातच शनिवार आला आणि टीम जिंकली. त्या दिवशी टाच वाजली नाही. काकू दचकल्या असत्या म्हणून काकांनी आम्हाला फोन केला.

"आज खुद्द परीक्षक हजर आहेत," काका खुर्ची सरकवत म्हणाले. त्यांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा झाला होता. पडद्यावर चित्र थांबवून त्यांनी बोट ठेवलं. "हा जावई. माझे पाच. तुझे?"

काकूंनी चष्मा वर केला. "कोण जावई?"

"अगं, नाव तूच ठेवलंयस!"

"मी? म्हणाले असेन कधी कणीक मळताना." त्या आमच्याकडे बघून ओशाळं हसल्या. "अहो, मला त्यातलं काय कळतंय? मी कुठे बघत होते? तुम्ही ओट्याशी येऊन विचारायचात, मी तोंडाला येईल तो आकडा सांगायची."

काका हसले, जरा जास्तच मोठ्याने. आणि मला कळलं, की इतकी वर्षं दर शनिवारी आम्ही ऐकले ते तीन आणि चार काकूंचे नव्हतेच. मान तिरकी करून, थोडं थांबून, हा माणूस बायकोच्या वाटणीचं बोलणं स्वतःच रचत होता, तिची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून. मला त्यांची इतकी माया आली, की मी उगाच बशा गोळा करायला लागले.

बशाच आधी वाजल्या. मग टेबलावरचा दिवा डोलायला लागला. इथे असे धक्के नेहमीचेच. माझा नवरा सवयीने उठला आणि त्याने घराचं दार उघडून धरलं. काकूंनी मात्र टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट पकडली होती, डोळे गच्च मिटले होते, ओठ पांढरे पडले होते. काका जागचे हलले नाहीत. त्यांनी काकूंच्या हातांवर हात ठेवला आणि आपल्या नेहमीच्या परीक्षकी आवाजात विचारलं, "लांबडा. माझे सहा. तुझे किती?"

काकूंनी नुसती मान हलवली.

"बोल. लांबड्याला किती?"

"चार," काकू कशाबशा म्हणाल्या.

"का चार?"

"पाय... पाय उचलत नाही."

"बरं. पोस्टमन?"

"सात."

"सात? इतके?"

"पत्ता चुकत नाही त्याचा."

"आणि जावई?"

"तीन," काकू म्हणाल्या. "तेच पुष्कळ."

दिवा केव्हाच थांबला होता. ती दोघं थांबली नाहीत. शेवटच्या राखीव गड्यापर्यंत गुण देऊन झाले, तेव्हा काकूंनी डोळे उघडले. आम्ही तिथे आहोत हे त्या विसरल्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मला नाही हो इथे राहवणार."

"माहितीये," काका म्हणाले, आणि चहा गार झाला म्हणून पुन्हा टाकायला उठले.

काकू ठरल्या दिवशी परत गेल्या. त्यानंतरही टीम कधीमधी जिंकली, टाच वाजली, आम्ही वर गेलो. काका आपले गुण सांगायचे, सवयीने मान तिरकी करायचे, आणि मग नुसतंच म्हणायचे, "हिचे यायचेत." मोसम संपायच्या आत त्यांनी कंपनीला नकार कळवला. निघताना विमानतळाच्या बसच्या थांब्यावर आम्ही सामान घेऊन उभे होतो, तर ते मला हिशेब समजावून देत होते. "पुण्यात मॅच सकाळी लागते. म्हणजे संपते बरोबर हिच्या पोळ्यांच्या वेळेला. ओट्याशी जाऊन विचारायचं. तोंडाला येईल तो आकडा सांगेल. आणखी काय पाहिजे माणसाला?" त्याच्या आदल्या दिवशी ते पुन्हा एकदा सेंबेचे खोके घेऊन सगळ्यांच्या दारांत वाकून आले होते. यापुढे आवाज होणार नाही, क्षमा असावी, असं सांगायला.

वर आता एक तरुण जपानी जोडपं राहतं. त्यांचं पाऊलसुद्धा वाजत नाही. शनिवारी दुपारी मी उगाचच छताकडे बघते, आणि फोनवर निकाल शोधते, जो कळून मला काडीचा उपयोग नाही. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या आजी भेटल्या. वर बघत म्हणाल्या, "फार शांत असतं हल्ली. सारखे हरतात वाटतं."

"नाही आजी, जिंकतात," मी म्हटलं. "पण आवाज आता पुण्यात होतो."

आजींनी समाधानाने मान हलवली. मग लिफ्टचं दार उघडल्यावर थबकून, काळजीने विचारलं, "तिथे खालच्यांना खोका दिला असेल ना काका-साननी?"

मी हो म्हटलं. आणि पुण्यात काकांच्या खाली जे कोणी राहत असतील, त्यांचा मला त्या क्षणी फार हेवा वाटला.