मोठ्या आजीचं सीतादही

मोठी आजी म्हणजे माझ्या आजोबांची वहिनी. पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तिनं बाज धरली. यवतमाळच्या डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा माझं तरी ऐकेल असं वाटून दिवाळीच्या सुट्टीत मीही तिला समजावलं.

"तू शिकून राह्यली ना? शिक. मले निजू दे," म्हणत तिनं कूस बदलली.

ती आता कधी उठणारच नाही, अशी भीती सगळ्यांना होती. 

तेवढ्यात कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. कपाशीच्या एका झाडाखाली पूजा मांडून दहीभात ठेवायचा, मग शेतात शिंपायचा. दह्यासारखा पांढरा कापूस मागायचा. हा मान घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचा. वेचणाऱ्या बाया कापसासाठी कमरेला ओटी बांधून आल्या आणि पूजेची वाट पाहत आमच्या दारातच बसल्या.

"आत्याबाई, चला," आई मोठ्या आजीला म्हणाली.

"तू करून घे न वं."

"तुम्ही असतानी मी कशी करू?"

शेजारची म्हातारी अंगणातून ओरडली, "बैल-बंडी जुपाले सांगू का वं?"

"बंडीत बसाले मी का नवरी हाय?" मोठी आजी उठून बसली. "काठी दे इकडं."

शेत घरामागेच, तरी खूप वेळ लागला. तिचा एक हात आईच्या खांद्यावर, काठी दुसऱ्या हातात. झाडापाशी मात्र तिनं दोन्ही सोडलं आणि मातीत बसली. पूजा केली, पहिलं बोंड वेचून ओटीत घातलं. आता उठायचं होतं. मी पुढे झाले, तर आईनं माझा दंड धरला. पूजेला बसलेली बाई स्वतः उभी राहीपर्यंत तिला शिवायचं नसतं, हे मी विसरलेच होते.

तिनं एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्यावर. अर्धी उठली, परत बसली. इतक्या बाया, पण बांगडीचाही आवाज नाही. तिनं पुन्हा हात टेकला.

आणि उभी राहिली.

ते काय होतं, मला अजून नीट सांगता येत नाही.  ती दहीभात शिंपत कपाशीच्या ओळीतून एकटीच पुढे निघाली.

"पाहून काय राह्यल्या? वेचा न वं! ऊन होऊन राह्यलं."