साडेसहाचं भाषण आणि गाडीतली घरघर

माझ्या गाडीत बसून रेडिओ ऐकता येत नाही, ही गोष्ट गाडी घेतल्यावर सात वर्षांनी माझ्या लक्षात आली. तोवर मी तो कधी लावलाच नव्हता.

लावायची वेळ आली ती एका फोनमुळे. रेडिओ केंद्रावरून एक बाई बोलत होत्या. "तुमच्या वडिलांचं आंब्याच्या कलमांवरचं जुनं भाषण सापडलंय. फीत जीर्ण झालीय, पुन्हा वाजेल न वाजेल. रविवारी संध्याकाळी साडेसहाला लावतोय."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज एका सेकंदाचासुद्धा नाही. मोबाईल समोर धरला की ते पाठ फिरवून गोठ्यात जायचे. अजूनही अंगणात कुणी खाकरलं की आई चटकन दारात येते, आणि शेजारी दिसला की उगाच "चहा घेतास काय?" विचारते. मलाही तो आवाज हवा होता. फार हवा होता.

घरचा रेडिओ मागच्या पावसाळ्यात बुरशी येऊन निवर्तला होता. "मोबाईलवर लावून देतो," म्हटलं, तर आई म्हणाली, "नुको. त्यात सगळी माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी लागतात. ह्यांना मी रेडिओवर आयकलंय, तशीच आयकणार." म्हणजे उरली माझी गाडी!

शुक्रवारी आईला गाडीत बसवून रंगीत तालीम घेतली. केंद्र लावलं. आतून आवाज आला, घर्रर्रर्र!

"मेल्या, गाडीत गिरण बसवलीस काय?" आईनं विचारलं.

गिरण नव्हती. बाकी सगळं होतं. पुढे कॅमेरा, मागे कॅमेरा, पायाशी निळे दिवे, टायरची हवा दाखवणारा मीटर, चोर आला तर बोंबलणारा भोंगा, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली माणसाच्या कानाला ऐकू न येईल असं केकाटणारं यंत्र, आणि हवा शुद्ध करायचं यंत्र. (हो, कोकणात! चारी बाजूंनी झाडं असताना! बायको, सुनेत्रा, हे प्रत्येक पाहुण्याला सांगते.)

गाडी घेऊन पालीला सलीमभाईंकडे गेलो. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"दादा, ही गाडी हाय की लग्नाचा मांडव?"

"रेडिओ बिघडलाय का हो?"

"रेडिओ बरा हाय तुमचा. ह्यातली एकेक वस्तू त्याच्या कानात ओरडतेय, तो बिचारा काय आयकणार? एकेक काढत ऱ्हावा. घरघर थांबली की समजा, तोच चोर."

चोर एक नव्हता, टोळी होती! कॅमेरे काढले, घरघर थोडी कमी. निळे दिवे काढले, आणखी कमी. उंदरांचं यंत्र काढल्यावर कुठे निवेदिकेचा आवाज कळायला लागला. (त्याच रात्री उंदीर आले आणि काढून ठेवलेल्या मागच्या कॅमेऱ्याची वायर खाऊन गेले. इतके दिवस बहुतेक दबा धरून होते.) शेवटी मोबाईलचा चार्जर उपटला आणि रेडिओ घासलेल्या तांब्यासारखा लख्ख झाला. भोंगा तेवढा राहिला, कारण तो बिचारा गप्प होता.

रविवारी सहालाच आम्ही तिघं गाडी घेऊन सड्यावर गेलो. वर उघडा कातळ, त्यामुळे केंद्र स्वच्छ लागतं. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

साडेसहाला पाच कमी असताना मला सुचलं, हे रेकॉर्ड करायला हवं! मोबाईल काढला, तर बॅटरी दोन टक्के. मग काय करणार? एवढ्याशा चार्जरनं काय होतंय, म्हणून तो परत खोचला. आधी खरंच काही झालं नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं. निवेदिकेनं बाबांचं नाव घेतलं. आईनं पदर सावरला.

घर्रर्रर्रर्र!

"अहो, हे काय?" सुनेत्रा ओरडली.

"गप्प बसा! कुणी हलू नका!" मी ओरडलो आणि स्वतःच सीटखाली शिरलो. एक वायर ओढली, वायपर सुरू झाले. दुसरी ओढली, काचा खाली गेल्या. तिसरी ओढली, ती भोंग्याची! सबंध सडा दणाणला. चरायला आलेली गुरं शेपट्या वर करून पळाली. "अक्कल आहे का कुणाला? कुणी बसवलं हे? कुणी?" मी गरजत होतो. (मीच बसवलं होतं.) शेवटी भोंग्याची वायर दातांनी तोडली. घरघर चालूच! आतमध्ये कुठेतरी बाबा बोलत होते आणि माझे डोळे भरून आले होते.

तेव्हा आई म्हणाली, "नंदू, ह्यो निळा दिवा कसला रे?" आणि तो दिवा ज्यावर लुकलुकत होता, तो चार्जरच तिनं उपटला.

आवाज स्वच्छ झाला.

"...तर शेतकरी बंधूंनो, एकदा कलम लावून झालं की सारखा हात लावून बघू नये. त्याला त्याच्या जागी राहू द्यावं. नमस्कार."

बाबाच! भाषण तिथेच संपलं.

चार्जर निघताच मोबाईलनं मान टाकली होती. घरी येऊन चालू केला तर रेकॉर्डिंग होतं, पण चार्जर निघेपर्यंतचं. म्हणजे नऊ मिनिटं घरघर, भोंगा आणि माझा आरडाओरडा. बाबांचा एक शब्द नाही. माझी मान खाली गेली.

"पुसून टाकतो," मी म्हटलं.

"पुसशील तर बघ," आई म्हणाली. "परत लाव. तू तापलास ना, की अगदी ह्यांच्यासारखाच ओरडतस."

तेव्हापासून तिला बाबांची आठवण आली की ती माझा चष्मा लपवून ठेवते, आणि ओसरीवर येऊन शांतपणे ऐकत बसते.