दोन प्लेअर आणि आप्पांचा आवाज

आप्पांच्या पंचाहत्तरीच्या दिवशी मी त्यांचा आवाज घालवला.

तसा तो एकदा आधीच गेलेला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी क्वार्टर्समधल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीला ट्रकवर उभं राहून ते भीमगीत म्हणायला लागले, की मध्येच लाउडस्पीकर बंद पडला तरी पुढचा चौक येईपर्यंत कोणाच्या लक्षात यायचं नाही! निवृत्तीनंतर गळ्याचं ऑपरेशन झालं आणि मागे राहिली ती नुसती कुजबुज. (टोमणे शाबूत राहिले. उलट आता ते ऐकायला सगळं घर गप्प बसतं, त्यामुळे जास्त लागतात.) त्या भरदार आवाजाची एकच कॅसेट उरली होती. त्यांनी स्वतः रचलेलं एक गीत, मागे ढोलकीवर गायकवाड काका. वर्षभरापूर्वी मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. गाणं संपलं आणि आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरने कॅसेटची फीत गिळली. शेवयांसारखी तुकड्या-तुकड्यांनी ओढून काढावी लागली.

"थोडक्यात वाचलं की नाही?" मी ऐटीत म्हणालो होतो.

मला तेव्हा ऐट करायला कारणच लागत नसे, कारण माझ्याकडे सिस्टिम होती. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमधला अर्धा हॉल तिने व्यापलेला. माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, शेगडीसारखा तापणारा अॅम्प्लिफायर आणि कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारी एक चकचकीत डबी. आमचा सिस्टिमवाल्यांचा इंटरनेटवर एक ग्रुपही होता. तिथे स्पीकरची वायर जमिनीला टेकली तर आवाज 'मळकट' होतो का, यावर आठवडाभर भांडणं चालत. (होतो. मी त्याच बाजूने भांडलो होतो.)

पंचाहत्तरीला जुनी पार्टी जमणार होती. रविवार, संध्याकाळी पाच. गायकवाड काका वारज्याहून, लेकीकडून येणार होते. सगळ्यांना आप्पांचं गाणं माझ्या सिस्टिमवर ऐकवायचं, असं मी जाहीर करून टाकलं होतं. त्या दिवशी सकाळी उठून आप्पांनी निळा सदरा स्वतः इस्त्री केला.

प्रश्न एवढाच होता, की ते ऐकवायचं कुठल्या प्लेअरवर? गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर सगळं सारखंच, असं साध्या माणसाला वाटतं. आमचा ग्रुप साधा नव्हता. माझ्याकडचा पहिला प्लेअर 'उबदार' होता आणि नव्याने आलेला दुसरा 'मोकळा', असं तिथे ठरलेलं होतं. ऐन दिवशी चूक नको म्हणून अकरा वाजता मी चाचणी घ्यायला बसलो. डोळे मिटून मी सोफ्यावर, कॉम्प्युटरपाशी बायको.

"प्रज्ञा, मध्येच कधीतरी दुसरा प्लेअर लाव. पण कधी बदलतेस ते सांगू नकोस."

"माझी मेथी निवडायची आहे, मिलिंद."

"निवडता निवडता कर."

तीन गाणी झाली. तिसऱ्याला मी अंगावर काटा आल्यासारखा ताठ बसलो.

"हा! हा दुसरा! गाणारी बाई एकदम समोर येऊन उभी राहिली बघ!"

"नक्की?"

"शंभर टक्के."

"मी बदललंच नाही. तीनही वेळा पहिलाच होता," प्रज्ञा म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन आत गेली.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. मी म्हटलं, पहिलाच इतका चांगला वाजतो, तर दुसरा काय वाजत असेल! आणि दुसरा चालू केला. त्याने माझी सगळी गाणी तपासली आणि विचारलं, 'काही फाइल्स फार कमी दर्जाच्या आहेत. काढून टाकू?'

मला तो प्रश्न नाही, दाद वाटली. अखेर माझ्यासारखाच चोखंदळ कोणीतरी भेटला! मी 'हो' दाबलं. 'कायमच्या?' हो, हो, कायमच्या!

एक वाजता मी आप्पांचं गाणं लावायला गेलो. यादीत ते नव्हतं. नाव चुकलं असेल म्हणून 'आप्पा' शोधलं, 'पार्टी' शोधलं, 'खडकी' शोधलं. मग लक्षात आलं. खरखर, घरघर, तीस वर्षं जुनी फीत. माझ्या घरातली सगळ्यांत कमी दर्जाची फाइल तीच होती!

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मी ज्या कंपनीत नोकरी करतो, तिथे माझं काम एकच आहे: लोकांच्या फाइल्स हरवू न देणं. त्यामुळे घरी बॅकअप होताच. इकडे काही बदललं किंवा पुसलं की पाच मिनिटांत तिकडेही तसंच व्हायचं, अशी चोख व्यवस्था मीच केलेली. त्या व्यवस्थेने आपलं काम चोख केलं होतं.

कॉम्प्युटर उचलून मी आतल्या खोलीत नेला आणि पुसलेल्या फाइल्स परत आणणारं एक सॉफ्टवेअर चालू केलं. पडद्यावर एक पट्टी गोगलगाईसारखी सरकू लागली. दोन वाजले. चहाचे कप मांडल्याचा आवाज आला. तीन वाजले. माझ्या लग्नातली जेवणाची पंगत परत मिळाली, गाडीच्या विम्याचा कागद मिळाला, न चालणाऱ्या तीन फाइल्स मिळाल्या. आप्पा नाहीत. सव्वातीनला प्रज्ञा आत आली, माझं तोंड बघितलं आणि दार लावून घेतलं.

"काय केलंस?"

मी सांगितलं. एरवी ती दोन वाक्यांत माझा निकाल लावते. त्या दिवशी ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि पट्टीकडे बघायला लागली, तेव्हा मात्र मी खरा घाबरलो.

"आप्पांना सांग," शेवटी ती म्हणाली.

"पाहुण्यांसमोर सिस्टिम बिघडली म्हणूया. आज निभावून नेऊ."

"आणि उद्या?"

पट्टी टोकाला पोचली. 'शोध पूर्ण', एवढंच लिहून आलं. चार वाजले होते.

आप्पा हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. निळा सदरा, केस नीट विंचरलेले. खुर्ची त्यांनी दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये सरकवून घेतली होती. ते बघून माझे पाय दारातच अडले.

"आप्पा, तुमचं गाणं गेलं. माझ्या हातून पुसलं गेलं. कुठेच राहिलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या दोन स्पीकरांकडे बघितलं. मी जवळ जाऊन त्यांचे शब्द ऐकायला खाली वाकलो.

"आवाज माझा गेलाच होता. तू दुसऱ्यांदा घालवलास," ते कुजबुजले. मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "गायकवाडला फोन करायला हवा. म्हाताऱ्याला दोन बस बदलून यावं लागतं."

मला रडू यायच्या बेतात होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी, पोटावर कंपनीचा टी-शर्ट, आणि रडू!

"कुठलं गाणं गेलं?" आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"पार्टीचं," मी म्हणालो.

"ते होय. ते माझ्या मोबाईलमध्ये आहे की."

"मोबाईलमध्ये? कसं?" मी विचारलं.

"तू पहिल्यांदा इथे लावलं होतंस ना, तेव्हा मी समोर मोबाईल धरून घेतलं होतं. तू म्हणालास, आई, मध्ये येऊ नकोस, आवाज अडतो. म्हणून मग बाजूला उभी राहिले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? दुपारी तुम्ही सगळे आपापल्या उद्योगात असता, तेव्हा ऐकते मी. रोज."

आप्पांनी खुर्चीतल्या खुर्चीत वळून आईकडे पाहिलं. "रोज?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं?" आणि पदर खोचत लगेच आत निघून गेली.

मी आधी त्या मोबाईलमधून गाणं चार ठिकाणी उतरवून घेतलं. (त्यातलं एक ठिकाण प्रज्ञाचं कपाट.) पाच वाजता जय भीम, जय भीम करत पार्टी आली. हॉल भरला. मी आईचा तडा गेलेला मोबाईल अॅम्प्लिफायरला जोडला. ग्रुपवर कळलं असतं तर मला कायमचं बाहेर काढलं असतं.

आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता. पण पहिली ओळ उठली आणि गायकवाड काकांची बोटं आपोआप गुडघ्यावर पडायला लागली. दुसऱ्या कडव्याला तीन म्हातारे कोरस धरत होते. आप्पांचे ओठ हलत होते, आवाज स्पीकरमधून येत होता आणि क्षणभर मला ते दोन्ही एकच वाटलं. आई दारात उभी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

तिसऱ्या कडव्यात आप्पांनी तान घेतली, वर गेले, आणखी वर गेले आणि समेवर...

फुर्रर्र!

कुकरची शिट्टी. प्रज्ञा ताडकन उठली आणि स्वयंपाकघरात पळाली. अर्ध्या मिनिटाने गोंधळलेल्या चेहऱ्याने परत आली.

"गॅस बंदच आहे," ती म्हणाली. "कुकर तर घासून पालथा घातलाय!"

"त्या दिवशी वरण लावलं होतं मी," आई शांतपणे म्हणाली. "रेकॉर्डिंगमधली आहे ती."

गायकवाड काका मान डोलावत म्हणाले, "पण सम बरोबर पकडली बरं का!" आणि आप्पा हसले. आवाज न करता, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

इतकी वर्षं मी प्लेअर बदलले, वायरी बदलल्या, ग्रुपवर भांडलो, ते एकाच गोष्टीसाठी: आवाज अगदी घरात, समोर असल्यासारखा वाटला पाहिजे. त्या संध्याकाळी माझ्या सिस्टिमला ते पहिल्यांदा जमलं. समोर उभा राहिला, तो मात्र कुकर!