बांगड्यांवर आलेला आळ
सोल्डरिंगचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. पंच्याऐंशी साली घाटकोपरच्या चाळीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माझ्या दिराने दोन थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजणारी विजेची वाद्यं, बनवली, एक तेलाच्या डब्यात, एक लाकडी पेटीत. वर लावलेल्या दांडीपुढे हवेत हात हलवला की वाजायचं. मलाच ते सुरात जमे, म्हणून गणपतीत आरती मी वाजवणार होते. सरावात डब्यावर सूर सरकला तर दीर म्हणाला, “वहिनी, बांगड्या काढ, त्यांनीच बिघडतोय.” सवाष्णीने चारचौघांत बांगड्या काढायच्या? “काचेने काय होतंय रे? तुझा पत्राच खोटा!” म्हटलं, आणि बांगड्यांसकट लाकडी पेटीवर अख्खी आरती सुरात वाजवली. मेल्याने मान डोलवली आणि गणपतीत ती पेटी घेऊन स्वतःच वाजवायला बसला. आता माझ्या हातात बांगड्या नाहीत. आणा तो डबा, आजही बेसूरच वाजेल.